तळेवाडीचा सरळ मनोरा

पिसाचा झुकता मनोरा सरळ झाला तो गणेशचतुर्थीच्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, आणि त्याला कारण तळेवाडीचे भैरू मेस्त्री. यात वादाला जागा नाही. तळेवाडीत तालमीपुढच्या मनोऱ्यावरचं कापड बरोबर सव्वाअकराला ओढलं गेलं. त्याच क्षणी इटलीत, तिकडच्या सकाळच्या पावणेआठला, साडेआठशे वर्षं एका अंगाला कललेला संगमरवरी मनोरा मास्तर वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तसा ताठ उभा राहिला. दुपारच्या बातम्यांत साऱ्या जगानं ते पाहिलं.

भैरू मेस्त्री गवंडी. वय बासष्ट. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्या घरांपुढून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे, कारण त्या भिंती ओळंब्यात नव्हत्या. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंतीशेजारी सोडायचं, दोरी सरळ लोंबते, भिंत सरळ आहे की नाही ते लगेच कळतं. मेस्त्रींचा ओळंबा वडिलांकडून आलेला होता आणि तो कसा आला, हे गावात कुणी त्यांच्यापुढे काढत नसे. वडिलांनी एका देवळाच्या आवाराची भिंत बांधली होती. ती ओळंब्यातून एक सूत बाहेर गेली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तांदळाच्या दाण्याची जाडी धरा. "एका सुतानं काय हुतंय," असं वडील म्हणाले. आषाढात ती भिंत बसली आणि खाली भैरूंचा थोरला भाऊ शिवा होता, पाण्याच्या दोन बादल्या घेऊन चाललेला, लग्न ठरलेला. तेराव्या दिवशी वडिलांनी ओळंबा भैरूंच्या हातात दिला आणि पुन्हा कधी थापी धरली नाही.

तर अशा माणसाकडे तालीम मंडळाचे अध्यक्ष विलास आडके पिसाच्या मनोऱ्याचं चित्र घेऊन गेले. विलासराव माणूस वाईट नव्हे, पण गावात काहीही झालं तरी पहिला नारळ आपल्याच हातचा फुटला पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. मागच्या वर्षी गणपतीत वरच्या आळीनं बांबूचा आयफेल टॉवर केला होता आणि त्याच्यापुढे तालमीचा थर्माकोलचा ताजमहाल पावसात विरघळला होता. ते दुःख विलासरावांनी वर्षभर उराशी बाळगलं होतं.

"मेस्त्री, ह्यो बांधायचा. इटांचा, पक्का. एकवीस फूट."

भैरूंनी चष्मा लावून चित्र बघितलं. मग चित्र तिरकं धरून बघितलं.

"ह्यो पडाय लागलाय."

"पडत न्हाई. तसाच हाय. साडेआठशे वर्सं झाली."

"बांधणाऱ्यांकडं ओळंबा नव्हता व्हय?"

विलासरावांनी फोनवर शोधून वाचून दाखवलं. तिसरा मजला चढवताना एका बाजूची जमीन खचली. मग लढाया लागल्या, काम शंभर वर्षं थांबलं. पुढच्या गवंड्यांनी वरचे मजले एका अंगाला उंच करून तोल सावरायचा प्रयत्न केला, तर मनोरा कललेला तर राहिलाच, वर केळ्यासारखा वाकलासुद्धा.

"आणि लोक त्येला बघाय येत्यात?"

"जगातनं येत्यात."

"काय बघाय?"

"त्येचा कल."

त्या दिवशी मेस्त्री अर्ध्या भाकरीवरून उठले. एका गवंड्याच्या हातून चूक झाली, ठीक आहे, कुणाच्या होत नाही? पण ती आठशे वर्षं झाकायची सोडून लोक बायकापोरांना घेऊन बघायला येतात, तिच्यापुढे उभं राहून हसतात, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या मेलेल्या गवंड्याची त्यांना लाज वाटली आणि दयाही आली.

मनोरा त्यांनी मुद्दाम सरळ बांधला, असं म्हणता येणार नाही. पहिल्या थराला त्यांनी चार विटा तिरक्या लावून बघितल्या. पाचवी वीट त्यांनी खाली ठेवली. त्यांनी त्या चार विटा काढल्या, चुना खरवडला आणि ओळंबा सोडला. पुढे दीड महिना बांबूच्या परांचीवर, चारही बाजूंनी कापड बांधलेलं, आत मेस्त्री आणि ओळंबा. आठ मजले, बारीक कमानी, वर घंटांची जागा. कापड ओढलं तेव्हा गावानं आधी टाळ्या वाजवल्या आणि मग त्या एकेक करत थांबल्या.

"मेस्त्री," विलासराव म्हणाले, "ह्यो तर पाण्याच्या टाकीचा खांब झाला की!"

"सरळ बांधलाय," भैरू म्हणाले.

"त्येच तर म्हणतोय मी!"

दुपारी बातम्या लागल्या आणि विलासरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

कल असा हवेत विरत नाही. तो कुठेतरी जातोच. चौथ्या दिवशी तो भैरू मेस्त्रींच्या घरी आला.

त्याच दिवशी त्यांची मुलगी शालन गडहिंग्लजच्या दवाखान्यातून बाळ घेऊन माहेरी आली होती. मुलगी झाली होती, हरतालिकेच्या दिवशी, म्हणजे मनोऱ्यावरचं कापड ओढायच्या आदल्या दिवशी, आणि घरात दिवस मोजायचे ते तिच्या जन्मापासून. हौसाक्कांनी, मेस्त्रींच्या बायकोनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायांवर पाणी घातलं. ते पाणी अंगणात उतरायचं सोडून उंबऱ्यावर चढलं आणि घरात गेलं.

"अवो," हौसाक्का म्हणाल्या, "घर कललंय."

भैरूंनी भिंतीशेजारी ओळंबा सोडला. वर दोरी आणि भिंत यांच्यात काही नव्हतं. खाली दोन बोटं जागा होती. त्यांनी दुसऱ्या भिंतीला सोडला, तिथेही दोन बोटं, त्याच बाजूला. घर एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः बांधलं होतं, आणि तेव्हा दोरी आणि भिंत यांच्यात केस गेला नसता.

दुसऱ्या दिवशी तीन बोटं झाली. कुठं तडा नाही, पोपडा नाही. घर अंगासकट, दारं-खिडक्यांसकट, पूर्वेकडे कलत होतं. हरभरे निवडायला बसलं की ताटातून उतरून एका रांगेत पूर्वेच्या कोपऱ्यात जायचे. खुंटीवरचा सदरा मात्र सरळ लोंबत होता, त्यामुळे तोच वाकडा दिसायचा. शेजारची वत्सलाकाकू दळण घेऊन जाता-जाता दोनदा भिंतीवर आपटली. एरवी तिला आम्ही म्हणालो असतो की नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं, तर बोलणार काय?

माणसांनी घर सोडावं, हे उघड होतं. पाचव्या दिवशी मेस्त्रींनी बायको, लेक, नात सगळ्यांना समाजमंदिरात नेलं. संध्याकाळपर्यंत समाजमंदिर चार बोटं कललं आणि मागे राहिलेलं घर सरळ झालं. मग ते परत आले, तर घर पुन्हा कललं. भैरू गवंडी होते, एकेक वीट काढून भार कुठे आहे ते शोधायची त्यांना सवय होती. ते एकटे शेतातल्या खोपीत जाऊन बसले. खोप सरळ राहिली. हौसाक्का वत्सलाकाकूंकडे गेल्या, वत्सलाकाकूंचं घर सरळ राहिलं. मग शालन बाळाला घेऊन शेजारच्या ओट्यावर बसली आणि ओट्याचा खांब त्यांच्या डोळ्यांदेखत एक बोट सरकला. शालन बाळाला आईकडे देऊन लांब जाऊन उभी राहिली. खांब तसाच राहिला. हौसाक्का बाळाला घेऊन आपल्या घरात गेल्या, खांब सरळ झाला.

 शालननं बाळाचं टोपडं नीट केलं, पुन्हा नीट केलं.

"आबा," ती म्हणाली, "हिच्या अंगात हाय व्हय ते?"

"न्हाई," भैरू म्हणाले. "हिच्या बाजूला हाय." पण आपण हे कशावरून बोलतोय, ते त्यांना माहीत नव्हतं.

*

सहाव्या दिवशी पहिली दोन माणसं आली. उन्हाची मोठी टोपी घातलेली एक परदेशी बाई आणि तिचा नवरा. मेस्त्रींच्या घरासमोर आडक्यांचं भुईमुगाचं रान आहे. नवरा रानात जाऊन उभा राहिला आणि घराकडे तोंड करून दोन्ही तळहात हवेत उचलले, जणू काही ढकलतोय. टोपीवाली बाई लांब गेली, एक डोळा मिटला आणि कॅमेरा लावला. "डावीकडं," असं तिनं हातानं खुणावलं. नवरा डावीकडे सरकला.

घरात हौसाक्का ओरडल्या, "अवो, थांबलं!"

ओळंबा सोडून बघितला, तर खरंच. तासाभरात एक सूतही फरक पडला नव्हता. मग त्या माणसाला शिंक आली, तळहात खाली गेले आणि चुलीवरचं भगुलं दोन बोटं सरकलं.

सातव्या दिवशी बस आली. आठव्या दिवशी चार बसेस. पिसाला काही बघायला उरलं नव्हतं, आणि वाकडं काही बघायचं म्हणजे माणसं वाट शोधून काढतातच. भुईमुगात शंभरएक जण उभे असायचे, गोरे, काळे, बारीक डोळ्यांचे, सगळ्यांचे तळहात वर, आणि प्रत्येकासमोर एक जण एक डोळा मिटून. लांबून नुसतं दिसण्यापुरता धरलेला हात घराला आधार देतो, हे भैरूंना पटत नव्हतं. पण ओळंबा तसं दाखवत होता आणि ओळंब्याशी त्यांनी आयुष्यात वाद घातला नव्हता.

अडचण एकच होती. बसेस पाचला सुटायच्या. पाचला सगळे हात एकदम खाली यायचे आणि घर दिवसभराचा कल एका हिसक्यात भरून काढायचं. नवव्या दिवशीच्या हिसक्यानंतर बघितलं, तर पूर्वेकडचा एक वासा भिंतीतून चार बोटं बाहेर आला होता. वाशांना भिंतीत बसायला सहा बोटं जागा असते. राहिली दोन, आणि वासा रोज पाऊण बोट निघत होता. भैरूंनी हिशोब केला, पुन्हा केला. अनंत चतुर्दशीला, म्हणजे बरोबर बाराव्या दिवशी, बाळाच्या बारशाच्या दिवशी, पाच वाजता छप्पर खाली येणार होतं. आणि ते बाळ जिथे असेल तिथलं छप्पर असणार होतं.

"आपण हिला उघड्यावर ठिवू," शालन म्हणाली. "रानात. वर आभाळच असंल."

"आभाळाचं काय खरं न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. घरात कुणी हसलं नाही.

*

दहाव्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला एक म्हातारा ओट्यावर येऊन बसला. नखांत चुना, गुडघ्यांना घट्टे, कमरेला गुंडाळलेल्या फडक्यात ओळंबा. भैरूंनी तो ओळंबा बघितला आणि आत पाणी सांगितलं. तो कुठल्या भाषेत बोलत होता, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. कळत होतं, एवढं खरं.

"आमची एक वस्तू तुमच्याकडं आली आहे," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही कुठले?"

"मी तिसऱ्या मजल्याचा."

"तिथं जमीन खचली तवा तुम्ही हुता?"

"होतो. मग लढाई लागली. काम थांबलं. सगळे गेले, मी तिथंच थांबलो. पुन्हा सुरू होईल म्हणून." तो पाणी प्यायला. घोट कललेल्या घरात त्याच्या गळ्यातून सरळ उतरत होता, याचं भैरूंना बरं वाटलं. "आता मनोरा सरळ झाला. तिसऱ्या मजल्यावर माझं काही काम राहिलं नाही. मला राहायला जागा नाही."

"तुमची चूक हुती ती. मी दुरुस्त केली."

"चूक आमची होती," म्हातारा म्हणाला. "आम्ही ती सांभाळली होती."

भैरूंनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं, "माझ्या नातीकडंच का आली?"

"कल कोवळी जमीन शोधतो. आमच्याकडंही तसंच झालं."

उपाय त्यानं सांगितला तो एखाद्या गवंड्याला कळेल असाच होता. ज्या हातानं मनोरा सरळ केला, त्याच हातानं तो कलवायचा. एका बाजूच्या पायाखालची माती काढायची, खुरप्यानं, मूठ-मूठ. मनोरा जेवढा कलेल तेवढं घर सरळ होईल. पुरेसं झालं की तो सांगणार.

"मी वाकडं बांधत न्हाई," भैरू म्हणाले.

"बांधायचं नाही. माती काढायची."

"त्येच ते."

म्हातारा उठला नाही. तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला, दुसऱ्या दिवशीही. हौसाक्कांनी त्याला दोन्ही वेळा वाढलं. पाहुण्याला उपाशी ठेवायची रीत नाही, मग तो तिसऱ्या मजल्याचा का असेना.

*

अनंत चतुर्दशीला सकाळी आढ्याला पाळणा बांधला. रिकामा पाळणा सरळ लोंबत होता आणि त्याच्याभोवती सगळं घर कललेलं. बारशाला बायका जमल्या, बाळाची आत्या निपाणीहून आली. त्या भिंतीला पाय लावून बसल्या आणि घुगऱ्या ओटीत घट्ट धरून ठेवल्या. बाहेर रानात दोनशे तळहात वर होते. भैरूंनी भिंतीतून निघालेल्या वाशाला हात लावून बघितला. मग त्यांनी शालनकडे बघितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन बरोबर त्या वाशाखाली बसली होती, कारण बाजूला सरकून काही उपयोग नव्हता, हे तिला कळून चुकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. तिनं फक्त बाळाच्या डोक्यावर आपला हात आडवा धरला होता.

भैरूंनी ओळंबा कमरेला बांधला, खुरपं घेतलं आणि ओट्यावर आले.

"चला," ते म्हाताऱ्याला म्हणाले. पावणेचार वाजले होते.

तालमीपुढे विसर्जनाचा ट्रॅक्टर सजवून उभा होता. मेस्त्री मनोऱ्याच्या पायाशी गुडघे टेकून बसलेले बघून विलासराव धावत आले.

"मेस्त्री, काय करतासा ह्ये?"

"कलवतोय."

"आता? आवो, तुमच्या घरापायी गावात आठ बसेस येत्यात! सरपंचांनी फलक लावलाय! आणि ह्यो कलला म्हंजे..." विलासराव मध्येच थांबले. त्यांनी मनोऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "ह्यो कलला म्हंजे ह्यो खरा हुईल."

"ट्रॅक्टर काढा. पूर्वेची बाजू मोकळी करा. एक माणूस ऱ्हायला न्हाई पायजे."

हे मात्र विलासरावांनी मनापासून केलं. ट्रॅक्टर मागे घेतला, दोरी बांधली, आणि वरच्या आळीची माणसं बघायला आली होती त्यांना तर दुप्पट लांब उभं केलं.

भैरूंनी पहिली मूठ काढली. काही झालं नाही. दुसरी, तिसरी. सातव्या मुठीला मनोऱ्याच्या वरच्या कमानीतून एक चिमणी उडाली आणि त्यांच्या ओळंब्याची दोरी विटांपासून एक केस सुटली. आळीच्या दुसऱ्या टोकाहून बायकांची हाक दारोदार पुढे येत त्यांच्यापर्यंत आली, "बोटभर सरळ झालं!"

"अजून," म्हातारा म्हणाला. तो समोर बसला होता, एक डोळा मिटून.

ते काढत राहिले.  "चार बोटं सरळ झालं!" अशी हाक आली. "ताटातले हरभरे थांबले!" आली. मनोरा पूर्वेकडे कलला, आणखी कलला, आणि एकेक वीट त्यांनीच ओळंब्यात बसवलेली असल्यामुळे एकही सुटली नाही. रानातल्या लोकांनी आधी माना वळवल्या. मग तळहात खाली घेतले आणि घराचं काही झालं नाही. मग ते सगळे, टोप्या सावरत, रानातून बांधावर, बांधावरून आळीत असे धावत आले, दोरी ओलांडली आणि मनोऱ्याच्या पूर्वेला, बरोबर त्याच्या सावलीत, तळहात वर करून उभे राहिले.

"मागं व्हा!" भैरू ओरडले. विलासराव ओरडले. कुणाला मराठी येत नव्हतं.

"अजून एक मूठ," म्हातारा म्हणाला.

भैरूंनी खुरपं मातीला लावलं. सावलीत उभी असलेली ती माणसं हसत होती, आणि त्यांच्यात त्यांना दोन बादल्या दिसल्या. पाण्यानं भरलेल्या, हलक्या हिंदकळणाऱ्या. बादल्या धरणारा माणूस गर्दीच्या मागे होता, त्याचा चेहरा दिसला नाही.

"बास," ते म्हणाले.

"एक सूत राहिलं."

"ऱ्हाऊ दे. एका सुतानं काय हुतंय."

बोलून झाल्यावर तो आवाज आपला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. चाळीस वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं आपला ओळंबा फडक्यात गुंडाळला, कमरेला खोचला आणि मनोऱ्यात गेला. त्या मनोऱ्याला दार नव्हतं. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्याच्या कमानीत चुन्याची थापी टेकवल्याचा आवाज आला.

त्याच वेळी विलासरावांचा फोन वाजला. पिसाचा मनोरा पुन्हा कलला होता. पूर्वीइतकाच, जवळजवळ. पाचला बसेस सुटल्या, भरून, शिट्ट्या वाजवत. हात खाली आले आणि तळेवाडीत कशालाही हिसका बसला नाही. विलासरावांनी नारळ फोडला.

*

भैरू घरी आले तेव्हा त्यांचं घर सरळ उभं होतं. त्यांनी चारही भिंतींना ओळंबा लावला. केस गेला नसता. वासा आपसूक भिंतीत बसला होता, सहा बोटं. हौसाक्कांनी त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या आणि त्या तिथेच राहिल्या, कुठे घरंगळल्या नाहीत. हौसाक्का रडत होत्या आणि हसत होत्या.

"तुमच्यासाठी थांबलोय, आबा," शालन म्हणाली. "बारसं करू."

बायकांनी बाळाला पाळण्याखालून दिलं, वरून घेतलं, आणि पाळण्यात ठेवलं. आत्या कानात नाव सांगायला वाकली. शालननं दोरीला हात घातला, आणि हलवायच्या आधी थांबली.

"आबा, ह्यो पाळणा..."

भैरू जवळ गेले. त्यांनी आढ्यावरून, पाळण्याच्या दोरीशेजारी, ओळंबा सोडला. पितळी वजन फिरलं, स्थिरावलं. वर दोन्ही दोऱ्या एका गाठीतून निघत होत्या. खाली, बाळाच्या उशाशी, त्यांच्यात एक सूत जागा होती.

त्यांनी पाळणा धरून सरळ केला. सोडला. तो हलला नाही, झुलला नाही, आपल्या जागी परत गेला, एक सूत पूर्वेला. सकाळी रिकामा होता तेव्हा तो सरळ लोंबत होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं. बाळ जागं होतं आणि आढ्याकडे बघत होतं.

"किती हाय?" हौसाक्कांनी विचारलं.

भैरूंनी ओळंबा तसाच लोंबता ठेवला. राहिलेली मूठ काढायला मनोऱ्याकडे परत जावं, म्हणून ते वळले. तालमीकडून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, ढोल वाजला, आणि सगळं गाव, दोन्ही आळ्या, पोराबाळांसकट मनोऱ्याखालून मिरवणूक घेऊन निघालं होतं, हे त्यांना दारातूनच दिसलं. ते उंबऱ्यावर उभे राहिले. मग आत आले. त्यांनी उजवा हात उचलला आणि तळहात पाळण्याच्या पूर्वेला धरला, न टेकवता, वीतभर अंतरावर. दोरी सरळ झाली. ओळंब्याला येऊन मिळाली. हात खाली घेतला, सुटली. त्यांनी हात पुन्हा वर केला.

"नाव सांगा," ते आत्याला म्हणाले. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. शालन पाळण्याची दोरी हळूच हलवायला लागली, बायका गायला लागल्या, आणि मेस्त्री तळहात धरून उभे होते, पाळणा जाईल तसे एक पाऊल पुढे, येईल तसे एक पाऊल मागे.

दारात सावली पडली. उन्हाची टोपी घातलेली ती बाई उभी होती, बस चुकलेली. तिनं एक डोळा मिटला, कॅमेरा वर घेतला आणि मोकळ्या हातानं मेस्त्रींना खुणावलं.

थोडं डावीकडं.

भैरू डावीकडे सरकले.